बटणांचा फोन: निवड कुणाची, नाइलाज कुणाचा?

मोबाईलच्या दुकानात हजार-बाराशे रुपयांचा बटणांचा फोन मागणारे गिऱ्हाईक आज दोन प्रकारचे असते. एकाला स्मार्टफोन परवडत नाही किंवा झेपत नाही. दुसऱ्याला तो परवडतोही, झेपतोही. पण दिवसाचे चार-पाच तास त्यात जातात म्हणून तो नकोसा झालेला असतो. दुकानदार दोघांनाही तोच फोन देतो. बाहेर पडल्यावर मात्र पहिल्याला कुणी विचारत नाही आणि दुसऱ्याचे कौतुक होते. साध्या फोनवरची आपली बहुतेक चर्चा या दुसऱ्या माणसाभोवतीच फिरते. ‘मी स्मार्टफोन सोडला’ असे सांगणारे लेख आणि मुलाखती आपण वाचतो. ज्याने तो कधी घेतलाच नाही, त्याचे म्हणणे छापून येत नाही. पण प्रश्न नीट समजून घ्यायचा तर दोघांकडे एकत्र पाहायला हवे. कारण दोघांचे घोडे शेवटी एकाच ठिकाणी अडते. बोलायला, निरोप द्यायला साधा फोन पुरतो. भोवतालची व्यवस्था तो पुरू देत नाही.

इथवरचा प्रवास

भारतातला पहिला मोबाईल कॉल 31 जुलै 1995 रोजी झाला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कोलकात्यातून दिल्लीतल्या दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्या काळी मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता आणि आलेला कॉल उचलायलाही पैसे पडत. मोबाईल सामान्य माणसापर्यंत पोचला तो 2003 सालाच्या आसपास. येणारे कॉल मोफत झाले, रिलायन्सने ‘मान्सून हंगामा’ योजनेत 501 रुपये भरून फोन हातात ठेवला आणि त्याच वर्षी नोकियाचा 1100 बाजारात आला. विकसनशील देशांतला ग्राहक डोळ्यांसमोर ठेवून तो बनवला होता. धूळ आत जाऊ न देणारे कीपॅड, घामट हातातून न निसटणाऱ्या कडा आणि डोक्यावर टॉर्च. रात्रीच्या विजेवर मोटार चालू करायला शेतात जाणाऱ्या माणसाला त्या टॉर्चचे मोल वेगळे सांगावे लागले नाही. जगभरात या एका मॉडेलचे सुमारे 25 कोटी नग खपले.

2016च्या सप्टेंबरात जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि स्मार्टफोन घराघरांत शिरला. दोन्हींच्या मधला एक प्रयोगही याच काळात झाला. 2017 साली दीड हजार रुपयांच्या परत मिळणाऱ्या ठेवीवर जिओफोन आला. कीपॅड असलेला, पण आत कायओएस नावाची प्रणाली आणि 4G. पुढच्या वर्षी त्यावर व्हॉट्सॲपही मिळू लागले. बटणांच्या फोनवर नातवाचा फोटो दिसायला लागला, ही आजी-आजोबांच्या दृष्टीने मोठी गोष्ट होती. पण 2024च्या जूनपासून व्हॉट्सॲपने कायओएसवर नवे डाउनलोड थांबवले आणि पुढे सेवाच गुंडाळली. फोन धडधाकट होता, त्यातली सोय काढून घेतली गेली. साध्या फोनवर जे ॲप म्हणून येते ते दुसऱ्याच्या मर्जीवर राहते. कॉल आणि एसएमएस तेवढे राहतात, हे यातून दिसले.

स्वखुशीने परतणारे

पाश्चात्त्य देशांत साध्या फोनची आता वेगळी बाजारपेठ तयार झाली आहे. अमेरिकेतला लाइट फोन, स्वित्झर्लंडच्या पुंक्ट कंपनीचा 2015 सालचा एमपी 01 ही मुद्दाम ‘कमी’ करणारी यंत्रे आहेत आणि ती स्वस्त नाहीत. नोकियाने 2017 साली जुना 3310 नव्या अवतारात आणला. इंग्लंडच्या ईटन कॉलेजने 2024च्या शैक्षणिक वर्षापासून नव्या विद्यार्थ्यांना स्मार्टफोनऐवजी फक्त कॉल-एसएमएसपुरते नोकिया फोन दिले. ज्या शाळेची वार्षिक फी बहुतेकांच्या आवाक्याबाहेरची आहे, तिथे हा फोन शिस्तीचे साधन ठरला.

आपल्याकडे ही निवड सर्वांत जास्त दिसते ती स्पर्धा परीक्षांच्या जगात. पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये स्मार्टफोन गावी ठेवून बटणांचा फोन आणणारी मुले नवीन नाहीत. पण जाहिरात, प्रवेशपत्र, उत्तरतालिका, निकाल सगळे ऑनलाइन, चर्चा टेलिग्रामवर. म्हणून खोलीतल्या एका तरी मित्राकडे स्मार्टफोन असावा लागतो. साध्या फोनच्या बहुतेक यशोगाथांत असा एक मित्र, भाऊ किंवा बायको पडद्याआड असते.

मुळात फोन बदलल्याने माणूस बदलतो का? टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन इथल्या संशोधकांनी 2017 साली सुमारे 800 जणांवर प्रयोग केले. काहींचा फोन टेबलावर, काहींचा खिशात किंवा पिशवीत, काहींचा दुसऱ्या खोलीत. फोन दुसऱ्या खोलीत असलेल्यांनी बुद्धीच्या चाचण्या अधिक चांगल्या सोडवल्या. हा निष्कर्ष फार गाजला, मात्र नंतरच्या पडताळण्यांत तो प्रत्येक वेळी तितक्याच ठळकपणे आला नाही.

अधिक उपयोगी प्रयोग 2025 साली ‘पीएनएएस नेक्सस’ या नियतकालिकात आला. 467 जणांच्या स्मार्टफोनवरचे इंटरनेट दोन आठवडे बंद ठेवायचे, कॉल आणि एसएमएस तेवढे चालू, अशी योजना होती. अवधान, मानसिक स्वास्थ्य आणि समाधान या तीनपैकी किमान एका बाबतीत 91 टक्के सहभागींमध्ये सुधारणा दिसली. लोक समोरासमोर जास्त भेटले, व्यायाम करू लागले, झोप सुधारली. पण दोन गोष्टी इथे नजरेआड करू नयेत. एक, फोन तोच होता. फायदा इंटरनेट बंद झाल्याचा होता. दोन, जेमतेम चौथाई लोकांनाच चौदापैकी किमान दहा दिवस हा निर्बंध पाळता आला. स्वयंशिस्तीच्या ॲपला बंद करायचे बटण असते आणि रात्री अकरा वाजता ते दाबले जाते. साध्या फोनची खरी जमेची बाजू हीच आहे. त्यात मोडायला नियमच नसतो.

पैशांचा हिशेब

साधा फोन एक ते अडीच हजारांत येतो, पडला तरी चालतो आणि चार्जिंग दोन-तीन दिवस सहज टिकते. पण बचत हँडसेटवर होते तितकी ती रिचार्जवर होत नसे. कंपन्यांनी डेटाशिवायचे रिचार्ज जवळजवळ नाहीसे करून टाकले होते. ज्या फोनवर नेट चालतच नाही त्याचा मालकही रोजच्या जीबीचे पैसे भरत होता. अखेर दूरसंचार नियामक ट्रायने डिसेंबर 2024मध्ये नियम बदलून फक्त कॉल आणि एसएमएसचे स्वतंत्र रिचार्ज देणे बंधनकारक केले. जानेवारी 2025मध्ये जिओने 336 दिवसांचे 1,748 रुपयांचे आणि एअरटेलने वर्षाचे 1,849 रुपयांचे असे पर्याय आणले. म्हणजे महिन्याला साधारण दीडशे रुपये. पगारदाराला हा सौदा बरा वाटेल. रोजावर काम करणाऱ्या बाईला मात्र एकरकमी सतराशे-अठराशे रुपये काढणे जड जाते आणि तीन महिन्यांच्या पर्यायालाही साडेचारशेच्या आसपास मोजावे लागतात. 2023मध्ये आलेल्या 999 रुपयांच्या जिओभारत फोनचा 123 रुपयांचा महिन्याचा प्लॅन म्हणूनच चालला; पण तो फोन जिओच्याच सिमशी बांधलेला आहे.

देवघेव आणि फसवणूक

ऑगस्ट 2025मध्ये यूपीआयच्या महिन्याच्या व्यवहारांच्या संख्येने 2,000 कोटींचा टप्पा ओलांडला. साधा फोनवाला या गर्दीत अगदीच परका आहे असे नाही. *99# ही सेवा इंटरनेटशिवाय चालते आणि तिच्या भाषांत मराठीही आहे. 8 मार्च 2022 रोजी रिझर्व्ह बँकेने खास साध्या फोनसाठी यूपीआय 123पे सुरू केले. देशात असे 40 कोटींहून अधिक फोन आहेत, असे त्या वेळी सांगितले गेले. ठरावीक क्रमांकावर फोन करून बटणे दाबत पैसे पाठवणे, दुकानदाराच्या क्रमांकाला मिस्ड कॉल देणे, ध्वनिलहरींवर चालणारे यंत्र आणि फोनमध्येच बसवलेले ॲप, असे चार मार्ग त्यात आहेत. एका व्यवहाराची मर्यादा पाच हजारांवरून दहा हजारांपर्यंत नेण्याचा निर्णयही 2024मध्ये झाला. 2023पासून नोकियाच्या काही साध्या फोनांत ही सोय आधीच घातलेली मिळते.

कागदावर एवढे सगळे आहे. व्यवहारात भाजीच्या गाडीपुढे चार गिऱ्हाइके मागे उभी असताना ‘मराठीसाठी अमुक दाबा’ ऐकत उभे राहायला कुणी तयार नसते. म्हणून साधा फोनवाला रोख देतो आणि ‘सुटे नाहीत, स्कॅन करा ना’ हे वाक्य ऐकतो. घरभाडे, वीजबिल यांसाठी मात्र त्याला चांगला मार्ग आहे. संगणकावर नेटबँकिंग आणि ओटीपी साध्या फोनवर. एसएमएसने येणारा ओटीपी हा आज या फोनचा सर्वांत मोठा आधार आहे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2026पासून बँकांना ओटीपीखेरीज इतर पद्धतींचीही मुभा दिली आहे. एसएमएस बंद करा असे त्यात म्हटलेले नाही. पण बँकांनी आपापल्या ॲपमधली मंजुरी हाच एकमेव मार्ग ठेवला, तर हा आधार निसटेल.

सुरक्षिततेचा मुद्दा दोन्ही बाजूंनी पाहायला हवा. लग्नपत्रिका किंवा वाहनाचे चलन असल्याचे भासवून पाठवलेली एपीके फाइल बटणांच्या फोनवर चालूच शकत नाही. ‘डिजिटल अरेस्ट’चे नाटक व्हिडिओ कॉलवर उभे राहते, तेही इथे उभे करता येत नाही. 2024च्या पहिल्या तीन महिन्यांतच या एका प्रकारात देशात 120 कोटी रुपये गेले. पण बँकेतून बोलतोय असे सांगून ओटीपी विचारणारा भामटा साध्या फोनवरही तितकाच गोड बोलतो. 1930 हा सायबर फसवणुकीचा क्रमांक दोन्ही फोनवाल्यांना पाठ असलेला बरा.

सरकार दारी, पण कुठल्या फोनवर?

खरी कसोटी लागते ती सरकारी कामात. 2021 साली 18 ते 44 वयोगटाला लस घ्यायची तर कोविन पोर्टलवर आधी नोंदणी करणे भाग होते. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांनी काय करायचे, हा प्रश्न तेव्हा सर्वोच्च न्यायालयानेच केंद्र सरकारला विचारला. पुढे थेट केंद्रावर नोंदणी खुली झाली, पण ‘आधी ॲप, मग माणूस’ हा क्रम कायम राहिला.

महाराष्ट्रात त्याच वर्षी 15 ऑगस्टपासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः शिवारात उभे राहून ॲपवर पिकाचा फोटो काढायचा आणि सातबाऱ्यावर पीकपेरा नोंदवायचा. तलाठ्याच्या मर्जीवरची नोंद स्वतःच्या हातात आली, ही यातली चांगली बाजू. पण फोटो काढणारा फोन नसेल, तर मुलाला, पुतण्याला किंवा शेजाऱ्याला बांधावर न्यायचे. एका फोनवरून अनेक खातेदारांची नोंद करण्याची मुभा शासनाला द्यावी लागली, कारण प्रत्येक खातेदाराकडे तसा फोन नाही हे शासनालाही माहीत होते. नोंद राहिली तर हमीभावाची खरेदी, पीकविमा आणि नुकसानभरपाई यांत अडचण येते. म्हणजे साध्या फोनची किंमत इथे क्विंटलांत मोजावी लागते.

कर्मचाऱ्यांच्या बाजूनेही एक प्रसंग लक्षात ठेवण्याजोगा आहे. ऑगस्ट 2021मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले स्मार्टफोन परत करण्याचे आंदोलन केले. दोन जीबी रॅमचे ते फोन तापत आणि अडत, दुरुस्तीचा खर्च सेविकांच्या माथी येई आणि ‘पोषण ट्रॅकर’ ॲप इंग्रजीत होते. मानधनावर काम करणाऱ्या बायकांनी फोन परत केले ते पडद्याचा कंटाळा आला म्हणून नव्हे, कामाच्या साधनाची जबाबदारी कुणाची हे विचारण्यासाठी. रोजगार हमीवर जानेवारी 2023पासून हजेरीसाठी फोटोसह ॲप सक्तीचे झाले, तेव्हाही हाच प्रश्न उभा राहिला. मजुराकडे कोणता फोन आहे याने फरक पडत नाही, पण मुकादमाचा फोन अडला की मजुराचा रोज अडतो.

सर्वोच्च न्यायालयाने 30 एप्रिल 2025 रोजी दिलेला निकाल या संदर्भात महत्त्वाचा आहे. ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन व्यक्तींना पापण्यांची उघडझाप करून घेतली जाणारी ई-केवायसी करता येत नव्हती. न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचण्याचा हक्क राज्यघटनेच्या 21व्या कलमाशी जोडला आणि केवायसीचे पर्यायी मार्ग देण्याचे आदेश दिले. खटला अपंगत्वाचा होता, साध्या फोनचा नव्हता. पण सेवा एकाच दारातून देऊन चालणार नाही हे त्यामागचे तत्त्व बटणांच्या फोनलाही लागू पडायला हवे.

घर, मुले आणि व्हॉट्सॲप

सरकारपेक्षाही घट्ट पकड आहे ती व्हॉट्सॲपची. शाळेचा गृहपाठ, सोसायटीची पाण्याची वेळ, ग्रामपंचायतीची सूचना, भिशीचा हिशेब आणि दशक्रियेची वेळसुद्धा ग्रुपवर येते. ‘ग्रुपवर टाकलं होतं की’ हे आता पुरेसे उत्तर मानले जाते. साधा फोन घेतलेल्या गृहस्थाची ही सगळी कामे बहुधा बायकोच्या फोनवर सरकतात. त्याला शांतता मिळते, तिला त्याचेही निरोप सांभाळावे लागतात. घरातल्या घरात हा भार मोजल्याशिवाय साध्या फोनचे गोडवे गाऊ नयेत. सिम साध्या फोनमध्ये ठेवून व्हॉट्सॲप टॅबलेटवर चालवण्याची युक्ती अनेकांनी शोधली आहे. पण अशी ॲपे त्या क्रमांकाचे चालू सिम असलेल्या फोनवरच चालावीत, असे निर्देश दूरसंचार विभागाने नोव्हेंबर 2025मध्ये दिले आहेत. तेव्हा त्या युक्तीवर भिस्त ठेवू नये.

मुलांच्या बाबतीत चित्र असे आहे. ‘असर 2024’ या शैक्षणिक पाहणीच्या अहवालानुसार ग्रामीण भारतात 14 ते 16 वयाच्या 82 टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरणारे 57 टक्के, तर समाजमाध्यमांसाठी वापरणारे 76 टक्के. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 साली यावर स्वतःचा उपाय काढला. संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही-मोबाईल बंद होतात. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी ग्रामपंचायतीने अठराखालील मुलांना मोबाईलबंदी आणि दंड ठरवला. वडगावचा मार्ग अधिक शहाणपणाचा, कारण तिथे मोठ्यांनीही आपला फोन बाजूला ठेवायचा असतो.

मुलींबाबत मात्र सावध राहायला हवे. स्मार्टफोन वापरता येणाऱ्या याच वयाच्या मुलांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे 36 टक्के, तर मुली 27 टक्के. मुलाला टच आणि मुलीला बटणांचा, अशी वाटणी जिथे होते, तिथे त्याला साधी राहणी म्हणता येणार नाही. तो पहारा आहे.

वृद्धांना बटणांचा फोन खरोखर उपयोगी पडतो. मोठी अक्षरे, मोठा आवाज, बोटाला जाणवणारी कळ. 2017पासून भारतात विकल्या जाणाऱ्या साध्या फोनांत 5 किंवा 9 आकडा दाबून धरला की आपत्कालीन कॉल लागण्याची सोय सक्तीची आहे, ही गोष्ट घरच्यांनी आजोबांना एकदा करून दाखवावी.

घ्यायचाच असेल तर

फोन 4G आणि व्होल्टी (म्हणजे 4Gवरून कॉल करण्याची सोय) असलेला घ्यावा. जिओचे 2G जाळेच नाही, त्यामुळे कपाटातला जुना नोकिया त्या सिमवर मुका राहतो. एअरटेल, व्हीआय आणि बीएसएनएलवर तो अजून चालतो, पण 2Gचे भविष्य लांबचे नाही. मराठी एसएमएस नीट दिसतात का, हे दुकानातच पाहावे. सिमवर साधारण अडीचशेच क्रमांक मावतात, म्हणून नावे आधी निवडावीत. वायफाय हॉटस्पॉट देणारा साधा फोन मिळाला तर लॅपटॉपवर नेट चालते. बँकेचे व्यवहार संगणकावर चालतात की नाही हे महिनाभर आधी तपासावे. ज्यांना पूर्ण सोडणे जमणार नाही, त्यांनी स्मार्टफोन जुन्या लँडलाइनसारखा घरात एका जागी ठेवावा आणि बाहेर पडताना साधा न्यावा. वर उल्लेखलेल्या इंटरनेट बंद ठेवण्याच्या प्रयोगाचा फायदा यातही बराच मिळतो.

थोडक्यात सांगायचे तर, परीक्षार्थी, लेखक, निवृत्त माणूस, घरी संगणक असलेला पगारदार यांना साधा फोन मानवतो. डिलिव्हरी करणारा, रिक्षावाला, आशा सेविका, छोटा दुकानदार यांच्यासाठी स्मार्टफोन हे कामाचे अवजार आहे. त्यांना संयमाचे धडे देण्यात अर्थ नाही. आणि ज्यांच्याकडे बटणांचाच फोन आहे, त्यांचे काम अडता कामा नये. म्हणून सरकारी कार्यालये, बँका, शाळा आणि सोसायट्या यांच्याकडे मागणे एवढेच आहे. ॲप जरूर काढा, पण त्याच्या शेजारी एक खिडकी, एक फोन क्रमांक आणि एक साधा एसएमएसही ठेवा.